पान हलतंय कशाला?

वेबच्या पानानं हलूच नये, असं माझं म्हणणं नाही. हलावं, पण वाचकानं काही केल्यावर, त्याला उत्तर म्हणून. बटण दाबलं आणि ते किंचित आत गेलं, की दाबणाऱ्याला कळतं, आपलं म्हणणं पोचलं. चुकीचा पासवर्ड टाकल्यावर चौकट नकारार्थी मान हलवते, तिथे तर एक अख्खं वाक्य वाचतं. पण कोणी काही विचारलेलं नसताना जे हलतं, ते वाचकासाठी नव्हेच. बनवणाऱ्याला हलवता येतं, एवढ्याच कारणासाठी ते हलत असतं. लुकलुकणाऱ्या अक्षरांचंच घ्या. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता लू मॉन्टुली एका बारमध्ये सहकाऱ्यांशी बोलताना म्हणाला, की आपल्या जुन्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या 'लिंक्स' ब्राउझरला वेबच्या नव्या सजावटीतलं काही जमणार नाही. जमलंच तर अक्षरं लुकलुकवणं. अशा गप्पा खरं तर बिलाबरोबर संपायच्या. पण एका सहकाऱ्यानं रात्र जागून ते करूनच ठेवलं, आणि 2013 मध्ये फायरफॉक्सनं ती लुकलुक काढून टाकेपर्यंत जग त्या रात्रीचा हँगओव्हर सोसत राहिलं. मधल्या काळात पानांवर ॲनिमेशन चालवणारं फ्लॅश आलं. दुकानाचा पत्ता शोधणाऱ्याला आधी त्या दुकानाचं बोधचिन्ह अंधारातून गिरक्या घेत उजेडात येताना पाहावं लागे, तेही संगीतासह. कोपऱ्यात 'स्किप इंट्रो' असं बारीक बटण असे. आपली कलाकृती टाळण्याची सोय कलावंतानंच करून द्यावी, इतकी प्रामाणिक समीक्षा आपल्या साहित्यातही विरळाच. 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबीनं फ्लॅशचा आधार काढून घेतला.

आपल्याकडे खरा मान मात्र धावत्या सूचनेचा. एखाद्या सरकारी संकेतस्थळावर उजवीकडून 'अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख' निघते. आपण चष्मा सावरतो, तोवर तारीख डावीकडून पसार झालेली असते. मग तीन निविदा आणि एक शुद्धिपत्रक जाऊ द्यायचं, की ती पुन्हा येते. तिच्यावर क्लिक करायचं, तर उडत्या माशीला टिपण्याचा सराव हवा. शेजारी लाल-पिवळं 'नवीन' लुकलुकत असतं, आणि निविदेची मुदत गेल्या दिवाळीआधीच संपलेली असते. महत्त्वाच्या सूचनेकडे लक्ष वेधायला नको का, असं कोणी विचारेल. वेधावं की! डोळ्याच्या कडेला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, पण हालचाल चटकन जाणवते. म्हणून तर नजर तिकडे धावते आणि वाचत असलेली ओळ सुटते. लक्ष वेधून झाल्यावर सूचनेनं निदान वाचू देण्याइतपत थांबावं.

रसिकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, ती वेबला का नकोत? हवीतच. पण डिस्नेचा प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो, वीजबिल भरायला आलेला नसतो. चित्रकाराच्या किंवा खेळाच्या पानावर खुशाल आभाळ फिरवा. तिथे माणूस तेच बघायला येतो, म्हणजे तेही उत्तरच झालं. आता राहिले 'एवढं काय मनावर घ्यायचं' म्हणणारे. 2013 मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीत चित्रं झेपावू लागली, तेव्हा कित्येकांना गरगरून मळमळलं आणि ॲपलला हालचाल कमी करण्याची सोय वाढवावी लागली. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकवायला मनाई आहे, कारण त्यानं फेफरं येऊ शकतं. मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची सोयही हवी, असं ते सांगतात. आपल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वंही याच नियमांवर बेतलेली आहेत. ती धावत्या पट्टीत टाकली असती, तर कदाचित कोणी वाचलीही असती.

तोवर आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडा आणि हालचाल कमी करण्याचं बटण सुरू करा. फोन निमूट ऐकेल. वेबच्या पानाला मात्र ती फक्त विनंती असते. ती मानायची की नाही, हे पान बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे.