आधी मोडा, मग तिकीट लावा

फ्रेंच माणसाला एखादी गोष्ट आवडली की नाही, हे त्याच्या पहिल्या प्रतिक्रियेवरून ठरवू नये. निदान शंभर वर्षं थांबावं. आयफेल टॉवरचंच घ्या. १८८७ साली त्याचं काम सुरू झालं आणि पॅरिसमधल्या भल्याभल्या लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात निषेधाचं जाहीर पत्र छापून आणलं. सह्या करणाऱ्यांत संगीतकार गुनो होते, पॅरिसचं ऑपेरागृह बांधणारे गार्निए होते, कथाकार मोपासां होते. हे मोपासां पुढे म्हणे टॉवरवरच्याच उपाहारगृहात जेवायला जात, कारण अख्ख्या पॅरिसात तेवढ्या एकाच जागेवरून टॉवर दिसत नाही. गोष्ट खरी असो नसो, सांगितल्याशिवाय राहवत नाही एवढं खरं.

राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी हा टॉवर उभा राहिला. परवाना फक्त वीस वर्षांचा होता, त्यानंतर तो उतरवायचा. पण गुस्ताव्ह आयफेल हा मुरलेला माणूस. त्याने वर हवामानाची उपकरणं बसवली, बिनतारी संदेशांच्या प्रयोगांना जागा दिली, आणि १९०९ उजाडेपर्यंत लष्कराला तिथल्या अँटेनाची एवढी गरज भासू लागली की पाडण्याचा विषय कुणी काढेना. आज ज्याच्यासमोर नवपरिणीत जोडपी हातात हात घेऊन उभी राहतात, तो टॉवर सौंदर्यामुळे वाचलेला नाही. रेडिओचा खांब म्हणून वाचला. साधारण दर सात वर्षांनी त्याला ६० टन रंग लागतो आणि तो माणसं वर चढून, ब्रशने, हातांनी देतात. एकदा भांडून झालं की फ्रेंच माणूस जपण्यात कसूर करत नाही.

हाच तमाशा पुढेही होत राहिला. १९७७ साली पाँपिदू केंद्र उघडलं. त्या इमारतीचे सगळे नळ आणि पाइप बाहेरच्या अंगाला काढलेले : पाण्याचे हिरवे, हवेचे निळे, विजेचे पिवळे. गिरगावातल्या एखाद्या चाळीची मागची बाजू रंगवून दर्शनी लावावी, तसा प्रकार. लोक खवळले. मग रांगा लावू लागले. १९८९ साली लूव्रच्या अंगणात काचेचा पिरॅमिड आला, तेव्हा तर एक परका वास्तुविशारद आपल्या राजवाड्याचं वाटोळं करतोय म्हणून गहजब झाला. आता लूव्रला गेलेला एकही माणूस त्या पिरॅमिडसमोर फोटो काढल्याशिवाय परतत नाही, आणि फोटो काढणाऱ्यांत फ्रेंच कमी नसतात.

भांडणाची ही खोड जुनी आहे. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या लोकांनी बास्तीयच्या तुरुंगावर चाल केली, हे आपण शाळेत शिकलो. आपल्या डोळ्यांसमोर हजारो कैदी साखळदंड तोडून बाहेर पडतात. प्रत्यक्षात आत सात जण होते. चौघे खोटे दस्तऐवज करणारे, दोघे वेडे आणि एक घरच्यांनीच कोंडायला लावलेला सरदार. लोकांना खरं तर हवी होती ती तिथली बंदुकीची दारू. त्या दिवशी सोळाव्या लुईने आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला : काही नाही. त्याच्या रोजनिशीत मुख्यतः शिकारीची नोंद असे, आणि त्या दिवशी शिकार झाली नव्हती. राज्य जात होतं. पण ते लिहायला रकाना नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. पालॉय नावाच्या बांधकाम ठेकेदाराने दुसऱ्याच दिवसापासून किल्ला पाडायला घेतला. पाडता पाडता त्याच्या लक्षात आलं की हे दगड साधे नाहीत. मग त्याने त्याच दगडांतून बास्तीयच्या छोट्या प्रतिकृती कोरून घेतल्या आणि देशातल्या ८३ जिल्ह्यांना एकेक पाठवून दिली. बेड्यांच्या लोखंडाची पदकं पाडली. उरलेल्या दगडांतले बरेच सेन नदीवरच्या पुलाला लागले. क्रांती अजून संपायची होती, आणि तिची स्मरणवस्तू बाजारात आलेली होती! आज बास्तीय बघायला जाल तर तिथे चौक आहे, खांब आहे, रहदारी आहे, बास्तीय नाही. रस्त्यातल्या फरसबंदीत किल्ल्याची रेघ आखून ठेवली आहे आणि मेट्रोच्या पाच नंबरच्या मार्गाच्या फलाटावर पायाचे थोडे दगड दिसतात. फलाटावर उभं राहून राज्यक्रांती बघायची आणि आलेल्या गाडीत चढायचं.

नोत्र दामचं तर विचारूच नका. ११६३ च्या सुमारास बांधायला घेतलेलं हे चर्च. त्याच्या दर्शनी भागावर २८ राजांचे पुतळे रांगेने उभे होते. १७९३ साली क्रांतिकारकांचा समज झाला की हे आपले फ्रेंच राजे. मग काय, त्यांनाही खाली ओढलं आणि मुंडकी वेगळी केली. प्रत्यक्षात ते होते बायबलमधले यहूदाचे राजे. फ्रान्सच्या करपद्धतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता! पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जागी नवे राजे घडवून बसवले. आणि १९७७ साली पॅरिसमधल्या एका बँकेच्या आवारात खोदकाम चालू असताना जुन्या राजांची २१ डोकी सापडली. कुणीतरी ती फेकून न देता नीट पुरून ठेवली होती. आज ती क्लूनी संग्रहालयात आहेत. एका दालनात ही सगळी डोकी ओळीने मांडलेली. कुणाचं नाक गेलेलं, कुणाच्या गालावर जुन्या गुलाबी रंगाचा पुसट अंश, आणि चेहऱ्यावर नेमका भाव : आमचं काय चुकलं? पॅरिसमध्ये एकच ठिकाण बघायचं म्हणालात तर मी टॉवर सोडून हे सांगेन.

१५ एप्रिल २०१९ ला याच चर्चच्या छपराला आग लागली. आग विझते न विझते तोच वाद पेटला. नवं शिखर काचेचं करायचं, आधुनिक करायचं की होतं तसंच? अखेर होतं तसंच करायचं ठरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारं पुन्हा उघडली. आता ‘होतं तसं’ म्हणजे ज्या शिखरासारखं, ते मुळात एकोणिसाव्या शतकात केलेलं होतं, हा भाग वेगळा.

व्हर्सायची कथा सर्वांत महागडी. चौदाव्या लुईने १६८२ मध्ये दरबार तिथे हलवला, ३५७ आरशांचं दालन उभारलं, आणि राजाने सकाळी उठणं हाच एक सोहळा करून टाकला. कुणी सदरा द्यायचा आणि कुणी नुसतं बघायचं, याचेही मानपान असत. क्रांतीनंतर राजवाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. तो जवळजवळ वर्षभर चालला होता. खुर्च्या, पलंग, घड्याळं, पडदे, सगळं जगभर पांगलं. आता तेच व्हर्साय जगातल्या लिलावांवर डोळा ठेवून आपल्याच खुर्च्या अव्वाच्या सव्वा किमतीला परत विकत घेतं. सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या नावावर खपवलेलं ‘पाव नसेल तर केक खा’ हे वाक्य ती कधी बोलल्याचा पुरावा नाही. पण खापर एकदा कुणाच्या डोक्यावर फुटलं की ते काही उतरत नाही.

मोडतोडीची किंमत वैयक्तिकरीत्या चुकती करावी लागलेला माणूस एकच, चित्रकार कुर्बे. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून या बंडखोर राजवटीच्या धामधुमीत वांदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडला गेला. कुर्बेने आधी तो हलवण्याची सूचना केलेली होती, तेवढं पुरलं. नव्या सरकारने स्तंभ पुन्हा उभारला आणि बिल त्याच्या हाती ठेवलं : तीन लाख तेवीस हजार फ्रँक. दरसाल दहा हजारांचा हप्ता, तेहतीस वर्षं. म्हणजे कर्ज फिटेस्तोवर त्याचं वय नव्वदीपार गेलं असतं. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला होता. कुर्बे ३१ डिसेंबरला वारला. गृहकर्ज घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला या चित्रकाराविषयी आतून जिव्हाळा वाटेल.

क्रांतिकारकांनी काळही मोडून बघितला. दहा दिवसांचा आठवडा केला, दहा तासांचा दिवस केला. प्रत्येक दिवसाला एखाद्या झाडाचं, जनावराचं नाहीतर अवजाराचं नाव दिलं. कल्पना रम्य, पण सुटी सातव्याऐवजी दहाव्या दिवशी येते म्हटल्यावर कामकरी माणसाचा उत्साह किती टिकणार? बारा-तेरा वर्षांत नेपोलियनने ते पंचांग गुंडाळलं. मीटर मात्र टिकला, तोही धक्के खातच. १८१२ साली खुद्द फ्रान्सने जुनी मापं परत आणली होती, १८४० पासून मीटर कायमचा झाला. लोकांना मीटर म्हणजे नेमकं केवढं हे कळावं म्हणून पॅरिसमध्ये ठिकठिकाणी संगमरवरी पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांतली एक सिनेटच्या समोर, व्होजिरार रस्त्यावरच्या कमानीखाली, भिंतीत अजून जागच्या जागी आहे. हात पसरून मोजून बघता येते. आपल्याकडे दशमान पद्धत १९५० च्या दशकात आली. तरी जमीन गुंठ्यात, सोनं तोळ्यात आणि फ्लॅट चौरस फुटांत. तेव्हा याबाबतीत फ्रेंचांना हसायचा अधिकार आपल्याला नाही.

लूव्रमध्ये सगळे जिच्यासाठी धावतात, ती मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद. पहिल्या भेटीत बहुतेकांच्या तोंडून ‘एवढीच?’ निघतं. तिच्यापुढे गर्दी उभी असते आणि गर्दीने डोक्यावर धरलेले मोबाइल. तिला थेट बघण्यापेक्षा पुढच्याच्या मोबाइलमध्ये ती बरी दिसते. मागे वळून पाहिलंत तर समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं लग्नाच्या पंगतीचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद. नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिसहून ते कापून, तुकडे करून आणलं. मोनालिसा मात्र लुटीची नाही. लिओनार्दो स्वतःच ती सोबत घेऊन फ्रान्सच्या राजाकडे आला होता. हे ठाऊक नसल्याने पेरुजिया नावाच्या इटालियन कारागिराने १९११ साली देशप्रेमाने ती चोरली, निदान नंतर त्याने तसं सांगितलं. चोरी झाली सोमवारी, कळली मंगळवारी. रखवालदारांना वाटलं, फोटो काढायला नेली असेल. चित्र परत मिळायला दोन वर्षं लागली, आणि मधल्या काळात लोक भिंतीवरची रिकामी जागा बघायला रांगा लावून येत. बघणाऱ्यांत लेखक काफ्काही होता. सध्याच्या गर्दीत मोनालिसा जितकी दिसते, त्यापेक्षा ती रिकामी जागा नीट दिसत असणार.

खाण्याच्या बाबतीत मात्र फ्रेंच माणूस मोडतोड खपवून घेत नाही. पारंपरिक पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट याखेरीज जवळजवळ काहीच घालायचं नाही, याचा सरकारी हुकूम १९९३ साली निघालेला आहे. बेकरीत बाई ‘बागेत’ या लांब पावाच्या मध्यावर कागदाची एक चिंधी गुंडाळून देते, गिऱ्हाईक तो काखेत मारतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं टोक मोडून खातं. घरच्या माणसाला टोक असलेला पाव क्वचितच मिळत असावा. आपली मंडळी सहलीत सकाळी याच पावावर घरचं लोणचं लावतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

आणि एक जागा आपल्याकडच्या सहलींच्या यादीत कधीच नसते : शांबेरी. आल्प्सच्या पायथ्याशी असलेलं हे गाव म्हणजे डी बॉयनचं गाव. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या, तोच हा. हिंदुस्थानात मिळवलेली गडगंज संपत्ती घेऊन तो गावी परतला आणि रस्ते, दवाखाने, नाट्यगृह यांवर त्याने ती मुक्तहस्ताने खर्च केली. त्याच्या मृत्यूनंतर गावाने १८३८ मध्ये चौकात कारंजं उभारलं. वर डी बॉयन, खाली चार दिशांना तोंड केलेले चार हत्ती. मात्र चौघांचंही फक्त पुढचं अंग. मागचं शिल्पकाराने खांबात गडप केलेलं. गावकऱ्यांनी लगेच त्यांना ‘बिनबुडाचे चार’ असं नाव ठेवलं. हसले, टवाळी केली, आणि आता त्यांचीच चित्रं गावाची ओळख म्हणून विकतात. शिंदेशाहीच्या पैशावर उभे असलेले हत्ती बघायला एकाही मराठी सहलीची बस थांबत नाही, याला काय म्हणावं?

तर जाणार असाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. लूव्र मंगळवारी बंद असतं, व्हर्साय सोमवारी. पाँपिदू केंद्र डागडुजीसाठी काही वर्षं बंदच आहे. नोत्र दामच्या आत जायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे दारात कुणी तिकीट विकू लागला तर घेऊ नका. आपल्याकडे शाळेत संस्कृत सोडून फ्रेंच घेतात ते गुण मिळतात म्हणून. तिथे त्यातला एकच शब्द पुरतो. दुकानात शिरल्या शिरल्या, काहीही मागण्याआधी, बोंजूर म्हणा. नाही म्हणालात तर पाव मिळेल, पण दुसऱ्या कुणाचा झाल्यावर.