आकड्याविना पाटील

"बद्धुं एक करी नाखो," एवढंच मोठे शेठ म्हणाले आणि लोचोची बशी माझ्याकडे सरकवली. सुरतेत मोठे निर्णय तोंडात घास असतानाच होतात. घास गिळेपर्यंत अंमलबजावणी सुरू झाली पाहिजे, अशीही अपेक्षा असते.

बद्धुं म्हणजे चार डोमेन, संगणकांची चार वेगळी संस्थानं. सचिनचं विणकाम, पांडेसऱ्याचं प्रोसेस हाउस, अडाजणचं ऑफिस आणि मुंबईला मुळजी जेठा मार्केटातला गाळा. ती चार का झाली याला तांत्रिक कारण एकही नाही. भाऊ भांडले, वेगळे झाले, आणि जो वेगळा झाला तो आपला सर्व्हर घेऊन गेला. दोन डोमेनांमध्ये 'ट्रस्ट' नावाची एक सोय असते. एकानं दुसऱ्याच्या माणसांना दारात उभं करायचं की नाही, हे तिथे ठरतं. इथे ती विंडोज एनटीच्या जमान्यात एकतर्फी घातलेली होती आणि अजून तशीच होती: धाकट्याचा थोरल्यावर विश्वास, थोरल्याचा धाकट्यावर नाही. ती एक खिडकी स्क्रीनवर उघडली आणि मला त्या घराचा सगळा इतिहास कळला. पुढे भाभींनी तोच दोन तास सांगितला, त्यात नवीन काही निघालं नाही. आता बँकेकडे मोठं कर्ज मागायचं होतं, म्हणून भाऊ एक झाले होते. मागोमाग संगणकांनाही व्हायचं होतं.

या कामाचा प्रमुख मी. डोमेन अ‍ॅडमिन! या पदावरचा माणूस कंपनीतल्या कुणालाही नाव देऊ शकतो, कुणाचंही पुसू शकतो, शेठचा पासवर्डसुद्धा बदलू शकतो. पगार डाइंग मास्तरपेक्षा कमी असतो, पण त्याचं एवढं काय. साताऱ्याकडच्या पाटलाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हुकूम चालवायला मिळाला की पुष्कळ होतं. आमची पाटीलकी केव्हाच गेली. ती मला सुरतेत विंडोज सर्व्हरच्या रूपानं परत मिळाली, असं मी स्वतःशी म्हणत असे. दुसऱ्या कुणाशी म्हणायची सोय नव्हती.

आता सर्व्हरच्या नावांविषयी. (घाईत असणाऱ्यांनी हे तीन परिच्छेद सोडावेत. मला ते सोडवत नाहीत.) मशीनला नाव काय द्यावं, यावर डॉन लिब्स नावाच्या गृहस्थांनी १९९० साली रीतसर एक आरएफसी लिहिली आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिलेले असतात ते कागद. हिचा क्रमांक ११७८. मशीनला स्वतःचं नाव देऊ नका, चालू प्रकल्पाचं देऊ नका, एखादा विषय धरा आणि त्यातली नावं द्या, असा तिचा सांगावा. मी विषय धरला: किल्ले.

सुरतेत! १६६४ ला एकदा आणि १६७० ला पुन्हा महाराजांनी ज्या शहराची दौलत उचलून नेली, त्या शहरात मी मुख्य सर्व्हरचं नाव ठेवलं राजगड. १६६४ ला राजधानी राजगडच होती. म्हणजे तेव्हाही सुरतेच्या पैशावर राजगड चालला आणि आताही चालणार होता. मला वाटलं शेठ हरकत घेतील. मी उत्तरं तयार ठेवली होती, चार पिढ्यांचं स्वाभिमानी भाषण तयार ठेवलं होतं. शेठनी कोटेशनवरून नजर न उचलता सांगितलं, "नाम गमे ते राखो, भाव ओछो करावो." भाषण वाया गेलं.

पण माझी खरी प्रतिभा पुढेच आहे. एक सर्व्हर पडला तर त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं असतं. त्या जोडीची नावं मी ठेवली पन्हाळा आणि विशाळगड. पन्हाळ्याला वेढा पडला की विशाळगडावर निघायचं. जाणकाराला याहून जास्त कागदपत्र लागू नयेत. आणि मधल्या यूपीएसवर मी चिठ्ठी चिकटवली: बाजीप्रभू. वीज गेली की त्यानं खिंड लढवायची, ती विशाळगडावरच्या तोफांचे आवाज येईपर्यंत, म्हणजे खाली डिझेलचा जनरेटर धडधडायला लागेपर्यंत. मग बाजीनं पडायला हरकत नाही. बॅटऱ्या कधी ना कधी पडतातच. हे सगळं मी हार्डवेअरच्या पोराला, भावेशला, उभं राहून सांगितलं. जुलै १६६०, सिद्दी जौहर, पाऊस, पालखी. त्यानं मन लावून ऐकलं आणि लेबल छापलं: 'बाजीभाई'. दिवाळीत चोपडापूजन झालं तेव्हा तिन्ही खोक्यांवर कुंकवाचा साथिया निघाला, नाडाछडी बांधली गेली, आणि बाजीभाईंना एक पेढा जास्त मिळाला. मी भावेशला पुन्हा कधी इतिहास सांगितला नाही.

नेमसर्व्हर कुठे ठेवायचे, हा मात्र थट्टेचा विषय नव्हता. सचिनच्या माणसाचं मशीन सकाळी सुरू झालं की आधी विचारतं, माझा डोमेन कंट्रोलर कुठे आहे? हे विचारायचं नेमसर्व्हरला. तो अडाजणला असला आणि मधली लाइन एखाद्या जेसीबीवाल्यानं उखडली, तर टेबलाशेजारचा प्रिंटरसुद्धा सापडत नाही. म्हणून उत्तर देणारा जवळ हवा. जवळ ठेवायला जावं तर सचिनला लूमची धूळ. तिथलं जुनं खोकं उघडलं तेव्हा पंख्यावर पॉलिस्टरच्या तंतूंचा थर बसलेला होता. बोटानं उचलला तर गोधडीसारखा सबंध निघून आला, वर फिकट मोरपंखी छटा, त्या महिन्यात लूमवर चाललेल्या सुताची. खोलीला कुलूपही नव्हतं. तिथे मी फक्त वाचणारा कंट्रोलर सुचवला. तो कुणी खांद्यावर टाकून नेला तरी सगळ्यांचे पासवर्ड सोबत जात नाहीत.

आराखड्याची अशी चाळीस पानं. रंगीत. त्यात १९९७ ची आरएफसी २१८२ होती: दुय्यम नेमसर्व्हर मुख्याच्या शेजारी, त्याच तारेवर ठेवू नका, लांब ठेवा. मायक्रोसॉफ्टची जानेवारी २००१ ची फजिती होती. त्यांचे चारही नेमसर्व्हर एकाच जाळ्यात होते, एका माणसानं एका राउटरची मांडणी बदलली आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा पत्ता जवळजवळ दिवसभर कुणाला सापडेना. (पुढे ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे नेमसर्व्हर सहा-एक तास असेच दिसेनासे झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपही गेलं. तेव्हा मी ती पानं शेठना परत दाखवली. मला राहवलं नाही.)

शेठनी आराखडा हातात घेतला, वजन पाहिलं आणि विचारलं, "रेल आवे तो?"

सुरतेत रेल म्हणजे पूर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि बहुतेक शहर तापीखाली गेलं. शेठ मला जिन्यात घेऊन गेले. भिंतींना नवा रंग होता, पण तळमजल्याच्या छताच्या हातभर खाली एक मातकट रेघ मुद्दाम राखलेली होती. शेठनी तिच्यावर बोट ठेवलं. मग बोलले ते चालता चालता: अडाजणचा तिसऱ्या मजल्यावर; दुसरा पांडेसऱ्याला, पण वरच्या माळ्यावर; तिसरा मुंबईला, "तापी मुंबई सुधी नथी जती." आरएफसी २१८२ त्यांनी जिना उतरेपर्यंत संपवली. २६ जुलै २००५ ला मुंबईत काय झालं, ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण ज्याला रेघ माहीत आहे त्याच्याशी पानं घेऊन वाद घालू नये.

मग माणसांची नावं एका यादीत आणली आणि पाटील उसळले.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली इथे उभं राहून 'ओ पाटील' अशी हाक मारावी आणि लगेच बाजूला व्हावं. ताप्ती व्हॅलीच्या लाइननं नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर असा सगळा खानदेश इथल्या गिरण्यांत उतरला आहे. आमच्याकडे गावाला पाटील एक. तिकडे गावच पाटील. शिवाय पटेल, तेही इंग्रजीत एका अक्षराच्या अंतरावर. मी नियम केला: नावाचं आद्याक्षर, आडनाव, मग आकडा. कुणालाही सवलत नाही. म्हणजे एका माणसाला सोडून. निव्वळ 'पाटील', आकड्याविना, हे नाव मी माझ्यासाठी राखून ठेवलं. नावं वाटणाऱ्यानं एक बरंसं घरी न्यावं, यात गैर काय?

ते नाव पांडेसऱ्याच्या जुन्या डोमेनमध्ये आधीच कुणाकडे तरी होतं. टाइमकीपर, मूळचे शहाद्याकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे एक चोपडी होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. तीत प्रोसेस हाउसचं प्रत्येक मशीन देवनागरी आकड्यांत लिहिलेलं: आयपी नंबर, कोणत्या खोलीत, कोण बसतं, आधी कोण बसायचं, प्रिंटर कुणाचा ऐकतो. जेट मशीनशेजारच्या संगणकापुढे शेरा होता, 'वाफेने बंद पडतो, दुपारी विचारू नये'. चारही कंपन्यांत मिळून लिहिलेली माहिती म्हणून जी होती, ती एवढी. माझ्या चाळीस पानांतली बारा त्या चोपडीतून उतरवलेली आहेत.

पूर्वी आख्ख्या अर्पानेटचं, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचं, असंच चालायचं. कॅलिफोर्नियात एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या ऑफिसात एक फाइल होती, सगळ्या मशीनांची नावं तीत, आणि नवं मशीन आलं की त्यांना कळवून नोंद करून घ्यायची. व्याप आवरेना तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं, म्हणजे नेमसर्व्हरांची ही व्यवस्था. पांडेसऱ्याला ते पोचायला उशीर झाला आणि तोवर पाटीलभाऊंनी सांभाळलं.

त्यांना यादी दाखवली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी बोट फिरवलं.

"साहेब, मी अकरावा?"

मी नियम समजावून सांगितला. एकसारखेपणा, भविष्यातली वाढ, ऑडिट.

"असू द्या, चालेल," ते म्हणाले. "रेशनकार्डावर पटेल करून ठेवलंय. आधारवर आणखी तिसरंच. हजेरीत बिल्ला नंबर आहे. ह्या मशीनमध्ये तेवढं बरोबर होतं, म्हणून विचारलं."

ते लिंबायतला राहतात, तळमजल्यावर. तापीची रेल पिढीत एखादी; तिथे खाडीचं पाणी पावसाळ्यात केव्हाही शिरतं. टीव्ही पलंगावर, पलंग विटांवर, ही त्यांची मांडणी. तिसऱ्या मजल्यावर राजगडाला एसी लावण्याचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. त्या कागदावर त्या दिवशी सही घ्यायला मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. सर्व्हरला एसी लागतोच.

लाभपाचमीच्या मुहूर्तावर नवं डोमेन सुरू झालं. निव्वळ पाटील ते राहिले आणि अकरा नंबर मी घेतला. मुंबई ऑफिसला वाटतं की या नावाची दहा माणसं माझ्या वर आहेत. धाकटे शेठ मला तोंडावर 'अग्यार' म्हणतात. बाहेरची मंडळी मात्र जुन्या कार्डांवरचा साधा पत्ता वापरतात, त्यामुळे माझी पत्रं पाटीलभाऊंकडे जातात, पटेलांची निम्मी जातात, आणि ते रोज जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावतात.

परवा मला लावला. "साहेब, तुमचं एक आलंय. गाडीच्या कर्जाचं. हप्ता राहिलाय म्हणताहेत, जरा कडक भाषेत. तिकडे पाठवू, की इथंच राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हणालो.