पाइपातला खर्ज

घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होईपर्यंत या विषयातलं माझं सगळं ज्ञान बायकोकडून मिळालेलं, म्हणजे ऐकीव होतं. शेवटी तिने एका रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी चहाबरोबर ऐकवलं. “कचऱ्याचा ट्रक आज लवकर आला का गं?” असं मी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. पुढच्या आठवड्यात माझी स्लीप टेस्ट झाली.

निदान झालं स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडकतो. डॉक्टरांनी सीपॅप मशीन लिहून दिलं. ते नाकावर चढवलं की मी लढाऊ विमानाच्या पायलटसारखा दिसतो असं मला वाटायचं. पुढे लोंबणाऱ्या नळीमुळे गणपतीसारखा दिसतो, असं मुलाचं मत पडलं. मशीनचे पैसे भरून झाले आणि मराठी माणसाच्या रीतीप्रमाणे मी फुकटचा उपाय शोधायला लागलो.

तो सापडलाही. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. स्लीप अ‍ॅप्नियाच्या पंचवीस रुग्णांपैकी काहींना चार महिने डिजेरिडू नावाचं वाद्य वाजवायला लावलं, बाकीच्यांना नुसतं थांबवून ठेवलं. वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि शेजारी झोपणाऱ्यांचीही रात्रीची तक्रार कमी झाली. या कामाला २०१७ मध्ये हार्वर्डच्या सँडर्स थिएटरमध्ये इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यातही विभाग शांततेचा.

“शांततेचं?” बायको म्हणाली. “त्या संशोधकांच्या बायकांना विचारलं होतं का?”

डिजेरिडू हे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं वाद्य. आर्नहेम लँडचे योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. निलगिरीचं खोड वाळवी आतून पोखरते आणि त्या पोकळ खोडाचं वाद्य होतं. आम्ही इथे अमेरिकेत एडिसनला हे टाउनहाउस घेतलं तेव्हा वाळवी नसल्याचा दाखला घेण्यासाठी वेगळे पैसे मोजले होते. तिकडे तीच वाळवी वाद्य कोरून देते. आमच्याकडे वाळवी नाही, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची पीव्हीसी पाइप आणला, साडेचार फुटांवर कापला आणि तोंडाशी मधमाश्यांचं मेण थापलं. घरभर मेणाचा वास सुटला. आवाज सुटायला आणखी नऊ दिवस लागले. त्याआधी जो निघत होता तो आवाज पोटाच्या तक्रारीत मोडणारा होता आणि मुलगा तो मित्रांना फोनवरून ऐकवत होता.

दहाव्या दिवशी सूर लागला. ओठ सैल सोडले, फुंकर घातली आणि पाइपातून “व्वूऽऽऽ” असा खर्ज उमटला. माझ्या बरगड्या थरथरल्या. डोळे मिटले. किराण्याचं एखादं घराणं आपल्या छातीत दडून बसलं होतं, असं वाटलं.

मुलाने मोबाइल समोर धरला. “बाबा, साठ हर्ट्झच्या आसपास आहे. इथली वीज पण साठ हर्ट्झचीच असते.” म्हणजे राग वगैरे काही नाही, मी ट्रान्सफॉर्मर आळवत होतो.

खरी गोम मला नंतर कळली. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं की या वाद्यात वादकाच्या घशातोंडाची पोकळी काही कंपनं अडवते, आणि जी सुटतात तीच श्रोत्याला ठळक ऐकू येतात. जीभ हलवली की त्याच एका स्वरात आकार, ईकार, ऊकार फिरू लागतात. तिकडचे वादक त्यातून पशुपक्ष्यांचे आवाजही काढतात. माझी दिवसभर चालणारी जीभ मात्र पाइप तोंडाला लागला की गप्प बसे. श्रोत्यांना मिळे तो नुसता हुंकार. त्यात काय ऐकायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि त्यांनी ठरवलं. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, “अरे, तिकडेपण गिरणी सुरू झाली का? बाजरी दळून देतात का विचार.” बायकोला त्यात माझं घोरणं ऐकू आलं. “पूर्वी रात्रीच असायचं. आता दिवसाही सोय झाली.” आणि आमच्या सामाईक भिंतीपलीकडच्या आजींना ऐकू आले त्यांच्या घरातले पाण्याचे पाइप.

हे मला कसं कळावं? शनिवारी सकाळी मी तंद्री लावून बसलो होतो. दारावर टकटक झाली. बायकोने उघडलं. बाहेर टूलबॉक्स घेतलेला प्लंबर, त्याच्यामागे गाउनमधल्या आजी. शेजारच्या तळघरात तो दीड तास भिंतीला कान लावून बसला होता. व्हॉल्व्ह बंद करून पाहिला, मीटर तपासला. पण गुरगुर थांबेना. आता आमच्याकडून तपासायचं होतं. तो आत आला आणि समोर मी मांडी घालून, गाल फुगवून, मेणाने चिकटलेल्या मिशीसकट पाइप तोंडात धरलेला.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाइपाकडे पाहिलं. मग वळून आजींना अगदी शांतपणे सांगितलं, की तुमचं बरोबर होतं, पाइपच आहे.

त्याचं बिल मी भरलं. किती ते बायकोला अजून माहीत नाही. तिने हे वाचू नये म्हणून मी काळजी घेईन.

तरी खोड गेली नाही. गणपतीत आरतीला मी तंबोऱ्याऐवजी पाइप धरला. माझा खर्ज इतका खाली की ‘सुखकर्ता’ म्हणताना बायकांचा सूर पाताळात गेला आणि माझा श्वास संपला की सगळे एकदम कोरडे उघडे पडायचे. खरी कला तिथेच असते. गालातली हवा पाइपात ढकलता ढकलता नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे आवाज तुटत नाही. मी ती ग्लासभर पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढून शिकत होतो. प्रगती एवढीच, की पाणी आता नाकातूनही येत होतं.

प्रसाद घेताना डहाणूकडचे एक काका जवळ आले. आमच्या भिंतीवर सगळ्या अमेरिकावासी मराठी घरांत असतं तसं वारली चित्र आहे. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा वेढा. काकांनी त्यातल्या तारपेवाल्यावर बोट ठेवलं. “हाही असाच गालात हवा धरून वाजवतो. दुध्याच्या वाळल्या भोपळ्याचं वाद्य, रात्रभर थांबत नाही. पण त्याच्याभोवती माणसं नाचतात बघ.” मग त्यांनी माझ्याभोवती पाहिलं. जवळपास कोणीच नव्हतं. आमच्या मांजराने तर तळघर गाठलं होतं.

मशीन परत सुरू केलंय. त्याची घुरघुर बायकोला आता संगीत वाटते.

पाइप साडेचार फुटी, दीड इंची, मेण ताजं. एडिसनला येऊन नेईल त्याला फुकट. फक्त आमच्या दारात वाजवून बघायचा नाही.