मुक्त संमती आणि दोन पासपोर्ट फोटो

कायद्याची पदवी घरबसल्या मिळत नाही, हे भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी पक्के करून टाकले आहे. वकील व्हायचे तर वर्गात बसावे लागते आणि हजेरी भरावी लागते; पुण्यात तर या कामासाठी एक अख्खा रस्ता प्रसिद्ध आहे आणि १९२४ साली स्थापन झालेल्या आयएलएस विधी महाविद्यालयामुळे त्याला लॉ कॉलेज रोड असे नावही पडले आहे. मात्र कायद्याचा व्यापाराला लागणारा तेवढा तुकडा, म्हणजे करार, मालविक्री, भागीदारी, धनादेश आणि ग्राहकहक्क, दूरस्थ पद्धतीने बी.कॉम. किंवा एम.बी.ए. करणाऱ्याला टपालाने, पीडीएफने किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओंनी खुशाल शिकता येतो. यामागील शैक्षणिक तत्त्व असे दिसते की, दुसऱ्याचा खटला चालवायचा असेल तर कायदा समोरासमोर शिकला पाहिजे, स्वतः फसायचे असेल तर लांबून शिकलेला पुरतो. लोकमान्य टिळकांनी याच शहरात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग चालवला तो समोरासमोर. अर्थात तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, ही त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे.

आज पर्याय भरपूर आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, आणि या दोन्हींची विभागीय केंद्रे पुण्यात आहेत. शिवाय शहराच्या स्वतःच्या संस्था आहेतच. तेव्हा पुणेकराला दूरस्थ शिक्षण घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

वस्तुतः करारकायदा आणि अंतर यांचे नाते जुने आहे. भारतीय करार अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला तेव्हा व्यापारी एकमेकांना पत्रे लिहीत असत, आणि म्हणून कलम ४ मध्ये पत्राचा प्रवास मोठ्या बारकाईने मोजलेला आहे: स्वीकृतीचे, म्हणजे प्रस्ताव मान्य असल्याचे, पत्र टपालात पडताच प्रस्ताव करणारा बांधला जातो, पण स्वीकारणारा मात्र ते पत्र समोरच्याला पोचून त्याला मजकूर कळेपर्यंत मोकळा राहतो आणि तोवर तार ठोकून माघार घेऊ शकतो. टेलिफोनला हा नियम लागत नाही, जिथे स्वीकृती ऐकू येते तिथे करार पूर्ण होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भगवानदास केडिया यांच्या खटल्यात ठरवले. दूरस्थ विद्यार्थी हे दोन्ही नियम तोंडपाठ करतो. पुस्तकांचे पार्सल परीक्षेनंतर पोचल्यास करार नेमका कोठे पूर्ण झाला असे समजावे, हा प्रश्न मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आढळत नाही.

या विद्यार्थ्याचा व्यापारी कायद्याशी पहिला संबंध पुस्तकात येतच नाही. तो प्रवेश अर्जात येतो. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर, शाई संपत आल्यासारख्या बारीक टायपात, भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही, नियमांत पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात आला आहे आणि सर्व वाद अमुक एका शहराच्या न्यायालयातच चालतील, अशा धर्तीचा मजकूर असतो. त्याखालच्या चौकोनात खूण केल्यावाचून पुढचे पान उघडत नाही, आणि खूण केल्यावर मागचे पान कोणी उघडत नाही. मग चार महिन्यांनी हाच विद्यार्थी कलम १३ वाचतो. दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे म्हणजे संमती, आणि कलम १४ प्रमाणे ती बळजबरी, गैरवाजवी दडपण, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांपासून अलिप्त असेल तर ती मुक्त संमती, एवढे तो पाच गुणांसाठी लिहून काढतो. स्वतःच्या प्रवेश अर्जाची त्याला या वेळी आठवण होत नाही, कारण त्याने तो वाचलेलाच नसतो. त्याला आठवतात ते दोन पासपोर्ट फोटो, त्यांतला एक अर्जावर चिकटवायचा आणि एक पाठीमागे नाव लिहून जोडायचा.

एका पक्षाने छापायचा आणि दुसऱ्याने केवळ सही करायची, अशा कराराला प्रमाणित नमुन्याचा करार म्हणतात. विमा, बँक, मोबाइलचे सिमकार्ड, सगळे याच घराण्यातले. अशा करारातील घोर अन्यायकारक अट दुबळ्या पक्षावर लादलेली असेल तर ती कलम २३ खाली रद्दबातल ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट महामंडळाच्या प्रकरणात सांगितले. तेथे कायम नोकराला तीन महिन्यांच्या नोटिशीवर, कारण न देता, काढण्याचा नियम न्यायालयाने मोडीत काढला. हा निकाल मोलाचा आहे. तो मिळवायला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि अर्ज भरण्याची अंतिम तारीख त्याच्या बरीच आधी येते.

अधिनियमाच्या कलमांखाली जी उदाहरणे दिलेली आहेत, त्यांतले जग पाहण्याजोगे आहे. तेथे क हा ख ला घोडा विकतो, नीळ बनवणाऱ्या कारखान्याबद्दल खोटे सांगतो, जहाजे भाड्याने घेतो. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून क लिलावात गप्प राहिला तर ते कपट नव्हे. पण ख ही त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर त्याने बोलले पाहिजे, आणि ‘तुम्ही नाकारले नाही तर घोडा धडधाकट आहे असे मी धरीन’ असे ख म्हणाला तर क चे गप्प राहणे हेच बोलणे ठरते. जुन्या बाजारातून सेकंडहँड गाडी घेतलेल्या तरुणाने ही तिन्ही उदाहरणे लक्षपूर्वक वाचली तर गाडी घेण्यापूर्वी कोणते एक वाक्य उच्चारायला हवे होते हे त्याला कळेल; परंतु गाईडात घोडा घोडाच राहतो आणि उत्तरपत्रिकेतही घोडाच उतरतो. कलम ५६ खालचे पहिले उदाहरण तर जादूने गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचे आहे. असा करार रद्दबातल असतो, कारण अशक्य कृत्य करण्याचा करार मुळातच रद्दबातल. बसच्या मागे आणि विजेच्या खांबांवर एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नको, नोकरीची हमी, असे फलक लावणाऱ्यांचे या कलमाकडे अजून लक्ष गेलेले दिसत नाही.

दूरस्थ शिक्षणातला खरा व्यापार ज्याला कळतो तो विद्यार्थी रविवारच्या संपर्कसत्रात, म्हणजे अभ्यासकेंद्रावर समंत्रकाने घ्यायच्या मोजक्या तासांत, मागच्या बाकावर बसलेला असतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याकडे हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचे उदाहरण घ्यावे. अभिकरण, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या वतीने तिसऱ्याशी व्यवहार करणे, हा कलम १८२ पासूनचा विषय तो पहाटेपासून जगत असतो. शेतकऱ्याचा माल आला, सौदा झाला, हमाली-तोलाई लागली, पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडली. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, हा २०१६ चा बदल त्याने वर्तमानपत्रात वाचलेला नाही, गाळ्यावरच्या आरडाओरड्यात ऐकलेला आहे. धनादेश न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे भरायला १५ दिवस, आणि तेही गेले की एक महिन्यात तक्रार, हे धनादेशाविषयीच्या अधिनियमातील, १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेले, कलम १३८ चे वेळापत्रक त्याला मालकाच्या रक्तदाबाइतके परिचित असते. भागीदारी संस्था नोंदवलेली नसेल तर १९३२ च्या अधिनियमाच्या कलम ६९ मुळे तिला बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर करारापोटी दावा लावता येत नाही, हे त्याने शेजारच्या गाळ्यात डोळ्यांनी पाहिलेले असते. परीक्षेत त्याला विचारतात ते असे की, धनादेश व वचनचिठ्ठी यांतील फरक तक्त्याच्या स्वरूपात स्पष्ट करा. आडत्याने शेतकऱ्याला पट्टी दिलीच पाहिजे, असे तो दुसऱ्या प्रश्नात ठणकावून लिहितो. आदर्श उत्तरात ‘मुख्य व्यक्तीने मागणी केल्यास योग्य हिशेब सादर करणे हे अभिकर्त्याचे कर्तव्य आहे’ असे असते, पट्टी नसते, आणि कारकुनाला दहापैकी तीन गुण मिळतात. ज्याने मार्केट यार्ड कधी पाहिले नाही त्याला सात.

गुणांचा दुसरा स्रोत म्हणजे घरी लिहून जमा करायचे स्वाध्याय. विद्यार्थ्याने स्वतः विचार करावा हा त्यांचा हेतू, आणि त्यामुळेच ते झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. काउंटरवर विषयाचा संकेतांक सांगितला की दुकानदार गठ्ठ्यातून प्रत उपसतो, हस्ताक्षरात हवे असल्यास दर वेगळा, आणि गर्दीच्या आठवड्यात अर्धी रक्कम विसार म्हणून आधी घेतो. आता या व्यवहाराला खुद्द स्वाध्यायातलाच कायदा लावून पाहावा. प्रस्ताव आहे, स्वीकृती आहे, प्रतिफल, म्हणजे करारातला मोबदला, तेही आहे. परंतु ज्याचा उद्देश सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध तो करार कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो, आणि दोघेही जाणूनबुजून सामील असल्यामुळे दुकानदाराने विसार घेऊन प्रत दिली नाही तरी न्यायालय सहसा मदतीला येत नाही. म्हणजे कलम २३ वरचा स्वाध्याय विकत घेणारा विद्यार्थी कलम २३ मुळेच नागवला जातो. दूरस्थ शिक्षणात प्रात्यक्षिके नसतात, ही तक्रार यामुळे निराधार ठरते.

अभ्यासक्रमाच्या शेवटी ग्राहक संरक्षण येते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या लक्ष्मी रोडवर पिढ्यान्‌पिढ्या झळकलेल्या पाटीला आता २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाची आडकाठी आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. विद्यार्थी हे वाचून हरखतो आणि आपल्या न आलेल्या गुणपत्रिकेकडे वळतो. तेथे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की, परीक्षा घेणारे मंडळ सेवा विकत नाही आणि परीक्षार्थी हा ग्राहक नव्हे. २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात, पत्रद्वारा बी.एड.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत, हेच पुन्हा सांगितले गेले. त्यामुळे मिठाई खराब निघाली तर ग्राहक आयोगाची पायरी चढता येते, निकाल चुकीचा लागला तर खिडकी क्रमांक विचारावा लागतो.

तेव्हा येत्या प्रवेशाच्या वेळी अर्ज भरणाऱ्यांनी संस्थेचा तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे आणि माहितीपुस्तिकेतील शुल्क परताव्याचे पान पैसे भरण्यापूर्वी वाचावे. त्या वाचनाला अद्याप शुल्क लावलेले नाही.