सगळं हलवा, इंजिन सोडून

मोटारीचं इंजिन कुठं असावं, यावर मंद्रूपमध्ये मतभेद नाहीत. पुढं असावं. सोलापूर-विजापूर रस्त्यावर रात्रंदिवस धावणारे ट्रक, हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर, सगळ्यांचा कारभार नाकाशी. अपवाद दोन. पहिला रिक्षाचा. बजाजनं 1977 मध्ये मागं इंजिन असलेली रिक्षा काढली, आणि तेव्हापासून पॅसेंजरच्या बुडाखालची गरमी हा भाड्यातच धरलेला भाग झाला. दुसरा अपवाद टाटांची नॅनो. 2009 मध्ये ती बाजारात आली, 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन पाठीशी घेऊन. बॉनेट उघडलं की आत स्टेपनी दिसायची. गावात नॅनो आली तेव्हा बघ्यांपैकी एकानं मालकाला काळजीनं विचारलं होतं, "इंजिन शोरूमलाच राहिलं काय ओ?"

सध्या आमच्या घरात जो वाद पेटलाय तो तिसऱ्या गाडीवरनं. ही गाडी दारात नाही, टीव्हीत आहे. पुतण्यानं प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो 7 आणलाय आणि त्यात 1973 सालची पोर्शे 911 करेरा आरएस घेतलीय. खऱ्या गाडीची किंमत ऐकली तर आख्खं शिवार विकूनही आरसाच हातात यावा. खेळात मात्र शर्यती जिंकून साठवलेल्या पैशांत ती मिळते, आणि ठोकली तरी पंचनामा नाही.

या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागं लोंबतं. एकूण वजनापैकी साधारण साठ टक्के मागं. त्यामुळं वळणातनं बाहेर पडताना मागची चाकं रस्त्याला अशी चिकटतात, की पुढच्या गाड्या खिडकीतनं मागं जाताना दिसतात. पण वळणाच्या मधोमध माणसाला भीती वाटली आणि त्यानं पाय उचलला, की संपलं. वजन पुढं सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागं लोंबणारं इंजिन म्हणतं, आता मी पुढं जातो. मग गाडी आलेल्या वाटेकडं तोंड करून उभी. आयुष्यभर आपल्याला शिकवलेलं असतं, की शंका आली तर हळू करावं. इथं शंकेला जागा वळणाच्या आधी आहे. आधी ब्रेक मारा, वेग ठरवा, आणि एकदा आत शिरलात की ठरवलेलं बदलू नका. पुतण्या हे तत्त्वज्ञान थोडक्यात सांगतो, "काका, रेस सोडू नका म्हणलं की ओ!"

त्यात खेळायला त्यानं नुर्बुर्गरिंगचा ट्रॅक निवडलेला. 20.8 किलोमीटरची एक फेरी, म्हणजे मंद्रूपहून निघून सोलापूर जवळ येईपर्यंतचं अंतर, आणि त्यात सत्तरहून जास्त वळणं. आमच्या सोलापूरच्या रस्त्याला इतकी वळणं असती तर निम्मं गाव तालुक्याच्या कामाला गेलंच नसतं.

गाडी वळणात फिरते म्हटल्यावर सेटिंगचा खेळ सुरू होतो, आणि खरी मजा तिथं आहे. स्प्रिंग कडक करा, मऊ करा. पुढचा अँटी-रोल बार घट्ट, मागचा सैल. मागच्या चाकांची बोटं किंचित आत वळवा. डिफरन्शियल असं लावा, की रेस सोडल्यावरही मागची दोन चाकं एकमेकांना धरून राहतील. प्रत्येक गोष्टीला आकडा आहे, आणि प्रत्येक आकड्यावर घरात मत आहे. आमच्या शेजारी वडाप रिक्षा चालवणारा एकजण राहतो. तो संध्याकाळी येऊन बसतो, शेंगा फोडत सगळं बघतो. एकदा म्हणाला, "अण्णा, पुढं दोन सीट घ्या की. मागं जड झालंय." वडापवाला ड्रायव्हरच्या शेजारी दोघं का कोंबतो, हे मला तोवर निव्वळ लोभाचं काम वाटत होतं.

पुतण्यानं हसत हसत मेनू उघडला. खेळात गाडीला जादा वजन लावता येतं आणि ते पुढं-मागं सरकवताही येतं. पुढं सरकवलं. गाडी वळणात शहाण्यासारखी वागली. शेजाऱ्यानं आणखी शेंगा मागितल्या.

त्यानं सांगितलेला उपाय खुद्द पोर्शेनं केलेला आहे. 1963 मध्ये फ्रँकफर्टला पहिली 911 दाखवली आणि नंतर विक्री सुरू झाली, तेव्हा तिचं मागचं अंग आवरेना. कंपनीनं पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत अकरा-अकरा किलोचे लोखंडी ठोकळे लपवले. ट्रॅक्टरच्या नाकावर आपण वजनं अडकवतो तसेच, फक्त आपण लपवत नाही. पुढं मागची चाकं 57 मिलिमीटरनं मागं नेली, एका बॅटरीच्या दोन करून पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या. 1973 च्या आरएसला वाऱ्यानं मागची बाजू उचलू नये म्हणून बदकासारखं शेपूट आलं आणि मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद झाले. टायरची ही युक्ती नॅनोतही आहे: पुढं 135, मागं 155. लाखाची गाडी आणि कोटींची गाडी एकाच दुखण्यावर एकच औषध घेताना बघून मला फार बरं वाटलं.

म्हणजे इतक्या वर्षांत जर्मन माणसांनी चाकं हलवली, बॅटरी हलवली, टायर फुगवले, शेपूट लावलं. इंजिन मात्र हलवलं नाही. खेळातही शेकडो आकडे बदलता येतात, पण इंजिन पुढं सरकवायची पट्टी मेनूत नाही. मध्ये एकदा कंपनीलाच कंटाळा आला होता. 1977 मध्ये त्यांनी पुढं इंजिन असलेली 928 आणली. ती आली म्हणजे 911 आपोआप निवृत्त होईल असा हिशोब. 1981 मध्ये पीटर शुट्झ नावाचे नवे प्रमुख आले. सांगतात, की एका अधिकाऱ्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात 911 ची रेघ त्याच वर्षी संपत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरनं पुढं ओढत नेली. 928 चं उत्पादन 1995 मध्ये थांबलं. 911 चालूच आहे. भिंतीवर रेघोट्या मारणाऱ्याला आमच्या घरात मार मिळतो, पण तो वेगळा विषय.

परवा पुतण्यानं नवी गाडी घेतली. 2017 ची 911 आरएसआर, अस्सल शर्यतीची. हिच्यात मात्र पोर्शेनं शेवटी इंजिन उचलून मागच्या चाकांच्या पुढं ठेवलंय. मी चालवून बघितली. वळणात घाबरून पाय उचलला, काही झालं नाही. पुन्हा मुद्दाम उचलला. गाडी आपली सरळ, सांगितल्या कामाची. पुतण्याचा वेळ झपाट्यानं कमी झाला आणि तो खूश आहे. शेजारी थोडा वेळ बघत राहिला. "हिच्यात पुढं सीट घ्यायची गरजच नाही की ओ," म्हणाला, आणि पुतण्याला जुनी गाडी लावायला सांगितली.