निर्णय तुमचाच!

चंद्रपुरात आमच्या वॉर्डात एक गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी दिसले, की बाया आधी अंगणातले खराटे उचलून आत ठेवतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. इकडे तसे सारेच भाऊ, पण हे सभावाले भाऊ. खांद्याला शबनम, शबनममध्ये हजेरीची वही आणि काखेत सतरंजी. बगड खिडकीपासून पठाणपुरा दरवाज्यापर्यंत ही सतरंजी अंथरली गेली नाही असा पार उरलेला नाही.

भाऊंचं म्हणणं साधं आहे. वस्तीचं काम वस्तीनंच करायचं, आपण निमित्तमात्र. “निर्णय तुमचाच,” असं म्हणून ते सभा सुरू करतात आणि तो निर्णय काय असावा हे पाऊण तास समजावून सांगतात.

पावसाळ्यातली एक सभा. “समस्या तुम्हीच मांडा,” भाऊ म्हणाले.

एक आजी उठली. “नाली तुंबली.”

“छान! पण मुळाशी जा, आजी. का तुंबली?”

“मांगच्या रविवारी तुमी श्रमदान केलं नं भाऊ, तो गाळ काठावरच ठेवला. पानी आला अन् गेला परत नालीत.”

भाऊंनी वहीत लिहिलं : ‘लोक बोलते झाले.’

त्यांना निरुत्साही करणं अवघड, कारण त्यांच्याकडे दाखले आहेत आणि ते खरे आहेत. पहिला दाखला परकोटाचा. १ मार्च २०१७ पासून इथल्या इको-प्रो संस्थेची पोरं रोज सकाळी गोंडकालीन किल्ल्याचे बुरूज झाडाझुडपांतून मोकळे करू लागली. दोनशेवर दिवस खाडा नाही. ऑक्टोबरात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं. त्या बुरुजावर भाऊही काही सकाळी हजर होते. पोरं झुडपं तोडत होती आणि भाऊ त्यांना लोकसहभागाचं महत्त्व सांगत होते. “भाऊ, जरा बाजूले व्हा, कोयता लागन,” एवढीच दाद त्यांना मिळाली.

दुसरा दाखला म्हणजे भाऊंची काशी, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज) म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ही तारीख भाऊंना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, असं वहिनीच सांगतात.

एकदा त्यांनी सगळ्या वॉर्डाला गाडी करून मेंढ्याला नेलं आणि येताना तिथला एक नियम आणला : बहुमत नाही, सर्वसहमती. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबवायचा. पुढच्याच सभेत विषय निघाला, कचरापेटी कुठे ठेवायची. ती हवी यावर सर्वांची सहमती झाली आणि आपल्या दारासमोर नको यावरही सर्वांचीच झाली. वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकाजींना आजवर कोणी विचारत नव्हतं. आता त्यांच्या एका ‘नाही’वर सभा उठू लागली. भाऊ रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर समजूत काढायला जाऊ लागले. काकाजींना इतकी सोबत नोकरीतही मिळाली नसेल. ते कशाला हो म्हणतात?

मेंढ्याच्या नियमाला एक जोड आहे, ती मात्र भाऊ तिथेच विसरून आले. तिथे विषयाचा कीस आधी अभ्यासगटात पडतो. त्या गटात बाहेरच्यानंही बोलावं, माहिती द्यावी, वाद घालावा. निर्णयाची वेळ आली की ग्रामसभा आणि गावकरी, बस. त्या गावाला वर्षानुवर्षे साथ दिलेले मोहन हिराबाई हिरालाल आमच्या चंद्रपूरचेच. गावाचा मित्र व्हायचं पण पुढारी व्हायचं नाही, ही त्यांची वाट. भाऊंना ती शंभर टक्के मान्य आहे. तिच्यावर ते दीड तास बोलतात.

मग भाऊंना ताप आला. वॉर्डाच्या मते नालीनं केलेली परतफेड. त्या रविवारी सभा त्यांच्याविना भरली आणि चहा उकळायच्या आत संपली. गाळ काढल्यादिवशीच ठेल्यानं उचलायचा. कचरापेटी भाऊंच्या फाटकाशेजारी ठेवायची. काकाजींनीच सुचवलं, सर्वसहमतीनं मंजूर.

आजी निरोप घेऊन गेली तेव्हा भाऊ खाटेवर उठून बसले. “मला न विचारता?”

“तुमीच तं म्हन्ता, निर्णय तुमचाच.”

भाऊंनी उशीखालून वही काढली आणि लिहिलं : ‘प्रक्रिया यशस्वी.’ खाली हजेरीत स्वतःची सही केली.

तुमच्या वस्तीत असे भाऊ आले तर हसू दाबा आणि सतरंजीचं दुसरं टोक धरा. पहिली सभा बोलवायला त्यांच्याशिवाय कोणी येत नाही. दुसरी मात्र ते गावाला गेले असताना घ्या.