प्रोटीनची मनधरणी

जैवरसायनशास्त्रात पीएचडी करू इच्छिणाऱ्यांसाठी सूचना

१. प्रवेश : सीएसआयआर-यूजीसी नेट द्यावी. जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. हा आकडा लग्नकार्यात सांगू नये. आयटीतल्या मावसभावाचा पगार लगेच ऐकवला जातो.

२. गाईड : त्यांचे शोधनिबंध वाचून भारावू नये. लॅबमधल्या पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्यावे आणि 'सर कसे आहेत?' विचारावे. उत्तर देण्याआधी त्याने मागे वळून पाहिले, तर दुसरी लॅब शोधावी.

३. प्रोटीन : हे जावयासारखे सांभाळावे लागते. हवे ते जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून आयपीटीजी टाकले की जिवाणू प्रोटीन बनवू लागतो. भरपूर बनवतो, पण पुष्कळदा त्याच्या निरुपयोगी गुठळ्या करून ठेवतो. मग तापमान ३७ अंशांवरून १८ वर आणावे आणि फ्लास्क रात्रभर हलवत ठेवावा. दुसऱ्या दिवशी पेशी फोडून निकेलचा कॉलम चालवावा, तोही ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये. म्हणून भर मे महिन्यात स्वेटर न्यावा. शेवटी जेल चालवून कूमासीत बुडवावे आणि जादा रंग उतरेपर्यंत थांबावे. हव्या त्या जागी एकच ठळक निळी पट्टी दिसली, तर ताबडतोब गाईडना फोटो पाठवावा. सात पट्ट्या दिसल्या, तर आधी जेवून घ्यावे.

४. उणे ८० अंशांचा फ्रीझर : यात 'महत्त्वाचे, टाकू नये' असे लिहिलेल्या ट्यूब सापडतील. लिहिणारा सिनिअर केव्हाच परदेशी पोस्टडॉकला गेलेला असतो. आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने त्या कोणीही टाकत नाही. तुम्हीही टाकू नये. जाताना आपल्या दोन ठेवाव्यात.

५. नातेवाईक : 'अजून शिकतोच आहेस?' यावर हसावे. पदवी मिळताच हेच लोक गुडघेदुखीवर गोळी विचारतील. तेव्हाही हसावे.

६. आदर्श : कमला सोहोनी. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी घालून का होईना प्रवेश मिळवलाच. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम सी वर काम करून १९३९ साली त्यांनी पीएचडी मिळवली. त्यांचा प्रबंध अगदी छोटा होता, ही गोष्ट मात्र घरी कळू देऊ नये.

७. वही : यशस्वी प्रयोग शोधनिबंधात जातो, फसलेला कुठेच जात नाही. तेव्हा कोणता बफर, किती पीएच आणि नेमके कुठे बिघडले, हे तारखेसह लिहून ठेवावे. बाकीच्या सूचना विसरलात तरी चालेल, ही पाळा. पुढच्या विद्यार्थ्याचे निदान सहा महिने तरी वाचतील.